एकट्याने वल्हवायची आउटरिगर कनू जेमतेम दहा किलोची असते, मग ती उलटत नाही का?

उलटते, आणि नवशिक्याची तर हमखास. होडी सहा मीटरच्या आसपास लांब आणि अतिशय अरुंद. नुसती पाण्यात ठेवून बसलात तर कलंडणारच. तिला सावरते ती उलांडी (आउटरिगर), म्हणजे होडीच्या बाजूला दांड्यांनी जोडलेला लांबट तरंगता भाग, जो पॅसिफिक महासागरातल्या हवाई आणि ताहिती बेटांवर बहुतेक डाव्या बाजूलाच असतो.

डावीकडे झुकलात तर उलांडी पाण्यात दबते आणि तिची तरंगण्याची ताकद होडीला परत वर रेटते. उजवीकडे मात्र तुम्हाला धरून ठेवतं ते फक्त उलांडीचं वजन, आणि तीच हलकी! म्हणून उजवीकडे वल्हं मारताना अंग बाहेर टाकू नका, डाव्या नितंबावर किंचित भार ठेवा. थांबलात की वल्ह्याचं पातं डावीकडे पाण्यावर आडवं ठेवा.

हलकेपणा येतो तो फोमच्या गाभ्यावर कार्बन फायबर आणि इपॉक्सीचे पातळ थर चढवून. वेगासाठी उत्तम, पण खडकावर आपटली की लगेच तडा.

आणखी एक: हवाईच्या एकट्याच्या होडीला पायाने चालवायचं सुकाणू असतं, ताहितीच्या पारंपरिक व्ही-1 ला, म्हणजे तिथल्या एकट्याच्या होडीला, नसतं. सुरुवात सुकाणूवाल्या होडीनेच करा.