ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं, तरी बाळाला अँटिबायोटिक का देत राहतात?

तुमचं बाळ ३३ आठवड्यांतच जन्मलेलं, पेटीत आहे. सहाव्या दिवशी दूध पचेनासं झालं, अंग गार पडलं. आता ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी, निगेटिव्ह आली तरी इंजेक्शनं चालूच, म्हणून बिल वाढवतायत का, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईतच नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) नर्स आहे. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, पण एवढ्यावरून तसा संशय घेऊ नका.

दीड-दोन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम दीडशे मिली. त्यातून कल्चरसाठी मिलीभर घेणंही कठीण, आणि त्याहून कमी गेलं तर जंतू असूनही सापडत नाहीत. आधी अँटिबायोटिक सुरू झालं असेल तरीही तसंच. म्हणून एका रिपोर्टवर कुणी ठरवत नाही. बाळ हालचाल कशी करतं, श्वास मध्येच थांबतो का, पोट फुगलंय का, प्लेटलेट्स आणि सीआरपी (संसर्गात वाढणारी रक्तातली खूण) कुठे चाललंय, हे सगळं बघतात. आणि ताप नव्हता म्हणून धीर धरू नका. कमी दिवसांच्या बाळाचं अंग संसर्गात उलट गार पडतं.

तरीही प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कल्चरमध्ये जंतू वाढायचे असतील तर बहुतेक वेळा ४८ तासांत कळतं. तेव्हा राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा: बाळ सुधारलंय का, सीआरपी परत केलं का, किती दिवसांचा कोर्स, संसर्ग मेंदूपर्यंत गेलाय का हे बघायला पाठीतलं पाणी तपासायचंय का? विनाकारण लांबलेलं अँटिबायोटिकही वाईटच. आपल्याकडच्या एनआयसीयूंमध्ये क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टरसारखे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे जंतू बहुतेकदा हातांवरून आणि नळ्यांवरून जातात. बाळाला हात लावण्याआधी अंगठी-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवा, आणि कुणी विसरलं तर टोका, अगदी मला किंवा डॉक्टरांनाही.

बाळाच्या आईला सांगा, दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, थेंबभर आलं तरी. चीक तर वाया घालवूच नका. दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळेल का, ते विचारा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी बँक सुरू केली, आशियातली पहिली. बाळ स्थिर झालं की कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं, कधी सुरू करायचं तेही विचारा. छातीशी धरायला वडीलही चालतात.