कोल्हापुरात सरकारी आरोग्य विमा योजना कधीपासून आहेत आणि त्यांच्यावर कितपत विसंबावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे, राहतात गारगोटीकडे, घरात केशरी रेशन कार्ड आहे आणि डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कामाला असलेला भाऊ म्हणतो, सरकारी योजनेच्या नादी लागू नका, आत्ताच एखादी पॉलिसी काढू. मी काही वर्षं इथल्या एका अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून काम केलंय, म्हणजे योजनेच्या रुग्णांची नोंदणी आणि मदत करायचो. त्यामुळे आधी भावाच्या मुद्द्याचं बोलतो. आजार निघाल्यावर काढलेली पॉलिसी त्याच आजाराला लगेच लागू होत नाही. खाजगी कंपन्या जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अशी थांबायची अट नाही. वडिलांसाठी आत्ता ही योजनाच धरा.

आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे हे सगळं आलं कुठून. आपल्या देशात सरकारी आरोग्य विमा आधी आला तो कामगारांसाठी. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून तो अमलात यायला लागला. शेतकरी, शेतमजूर, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्या वाट्याला मात्र पुढची कित्येक दशकं फक्त सरकारी दवाखाना होता. महाराष्ट्रात १९९७ ला जीवनदायी योजना निघाली. ती दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. आधी प्रस्ताव करायचा, मंजुरी यायची, मग ऑपरेशन. हृदयाच्या रुग्णाला तेवढी उसंत असतेच असं नाही.

मोठा बदल झाला तो आंध्र प्रदेशातल्या २००७ च्या आरोग्यश्रीमुळे. कुठल्या उपचाराला किती पैसे हे आधीच ठरलेलं, आणि पैसे थेट रुग्णालयाला. रुग्णाने खिशात हात घालायचाच नाही. तीच पद्धत घेऊन महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पण आठच जिल्ह्यांत. आपल्या बाजूचा सोलापूर त्यात होता, कोल्हापूर नव्हतं. आपला नंबर लागला २१ नोव्हेंबर २०१३ ला, जेव्हा ती राज्यभर लागू झाली. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख, ९७१ उपचार, आणि विमा कंपनीला सरकार कुटुंबामागे ३३३ रुपये भरायचं. २०१७ मध्ये तिलाच महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ ला आली, एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून रक्कम पाच लाख झाली, उपचार १३५६ झाले आणि पांढऱ्या कार्डवालेही आत आले. सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा मी हाच मानतो. गरिबाला दिलेली मदत हे तिचं रूप इथे संपलं. आता ती प्रत्येक घराची आहे, म्हणून ती मागताना कुणी मान खाली घालायचं कारण नाही.

सीमेपलीकडचं एक उदाहरण सांगायलाच हवं. कर्नाटकात २००३ मध्ये यशस्विनी योजना सुरू झाली, ती सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी. सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये वर्गणी होती. दूध आणि साखरेच्या सहकाराचं एवढं दाट जाळं आपल्या जिल्ह्यात आहे. त्या जोरावर आपल्याकडेही अशी योजना उभी राहावी असं मला फार मनापासून वाटतं. दुधाच्या, उसाच्या बिलातून वर्गणी कापून घ्यायची यंत्रणा तर तयारच आहे.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते नीट वाचा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. रुग्णालय या योजनेत अंगीकृत आहे का, आणि हृदयरोगासाठी आहे का, हे दोन्ही विचारायचं. रुग्णालय योजनेत असतं, पण तो विभाग नसतो, असंही होतं. दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरायच्या खिडकीवर जायच्या आधी तिथे जायचं. रेशन कार्ड आणि आधार दाखवलं की नोंदणी होते. मग डॉक्टर तपासण्यांचे रिपोर्ट जोडून पूर्वमान्यता मागतात, ती आली की ऑपरेशन. जीवावर बेतलं असेल तर फोनवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ जायचा तो नावांत. रेशन कार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. एका घरात तर म्हाताऱ्याचं नाव कार्डावर होतं, पण आधारवरचं आडनाव वेगळं. मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा राहून गावच्या तलाठ्याला, सरपंचाला, रेशन दुकानदाराला फोनवर फोन लावत होता, आणि आत बाप ऑक्सिजनवर. म्हणून आजच वडिलांचं कार्ड आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आयुष्मान कार्डही काढून ठेवा.

पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या रकमेत, खाट, तपासण्या, औषधं, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं असतं. 'योजनेतला स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर वरचे पैसे द्या' असं कुणी म्हटलं तर द्यायचे नाहीत. लेखी मागा, आरोग्यमित्राला सांगा, आणि तिथे दाद लागली नाही तर १५५३८८ वर तक्रार नोंदवा. भांडणाची गरज नसते, शांतपणे नंबर लावला तरी पुष्कळदा काम होतं.

सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, याबद्दल वेगळं सांगतो. आपला थोरला दवाखाना फक्त कोल्हापूरचा नाही, कोकणातून आणि निपाणीकडूनही लोक तिथे येतात. तिथे योजनेतून उपचार झाले तर क्लेमचे पैसे सरकारी रुग्णालयाच्याच पदरात पडतात आणि पुढच्या रुग्णांच्या कामी येतात. काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवल्या आहेत. हा या योजनांचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग आहे, कारण विमा आला म्हणून सरकारी दवाखाना ओस पडला तर गरिबाचा शेवटचा आसराच जाईल. तेव्हा तिथेही चौकशी करा.

विसंबायचं किती, हे मात्र स्पष्ट असू द्या. योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. अँजिओप्लास्टीनंतर डिस्चार्ज होऊन काही दिवस लोटले की बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आयुष्यभर चालू राहतात. त्यांचा महिन्याचा खर्च घरच्या हिशेबात धरा, आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा जनऔषधी दुकानात कुठल्या गोळ्या मिळतात ते बघून ठेवा. गोळ्या परवडत नाहीत म्हणून मधेच बंद केलेल्या आणि पुन्हा दाखल झालेल्या माणसांना मी पाहिलंय. फार वाईट वाटायचं.

याच ठिकाणी भावाचा उपयोग होऊ शकतो. त्याचा पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि त्यातून ईएसआय (वर सांगितलेला कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही त्या विम्यात येऊ शकतात, आणि तिथे दाखल न होता घरी घ्यायची औषधंही मिळतात. आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, मोठ्या उपचारांसाठी किती महिने वर्गणी भरलेली हवी याच्याही अटी आहेत. ते त्याने कंपनीच्या ऑफिसात विचारावं. पॉलिसीचे पैसे त्याला खर्च करायचेच असतील तर स्वतःसाठी आणि बायकोमुलांसाठी करू दे, वय कमी आहे तोवर हप्ताही कमी बसतो.

वडील सत्तरीचे झाले की उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, ते ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय. तोवर केशरी कार्ड पुरेसं आहे. मूळ रेशन कार्ड, आधार, अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट सोबत ठेवा, आणि कुठेही ॲडव्हान्स भरू नका. नावात काही फरक निघाला तर इथेच लिहा, काय करायचं ते सांगतो.