तिसरीचा वर्ग ‘बेसूर’ वाटतोय? आधी तुमची पट्टी तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की तिसरीत ४५ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, गाणं शिकवताना तुमचा सा नेहमीच्या काळी पाचवर (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी), आणि निम्मी मुलं नुसती गुरगुरतात. माझी पहिली दोन वर्षं याच चुकीत गेली, म्हणून टाळी-ठेका सगळं सोडून फक्त पट्टीबद्दल, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याबद्दल लिहितेय.

आपण बायका गातो ती काळी पाच पेटीच्या मधल्या सप्तकाच्या (सा ते नी या सात सुरांच्या संचाच्या) खालची. आठ वर्षांच्या मुलाचा गळा साधारण मधल्या पांढरी एकपासून (त्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा चालतो. म्हणजे तुमचा सा त्याच्या गळ्यातच नाही. मग काही मुलं आवाज दाबतात, काही एकदम वरच्या सप्तकात उडी मारतात आणि तार सा (वरच्या सप्तकातला) आला की किंचाळतात. आपण म्हणतो, कान नाही!

सा मधल्या पांढरी एक किंवा दोनवर धरा. आपल्याला चढं पडतं, पण त्रास आपण सोसायचा, मुलांनी नाही. राष्ट्रगीताची चाल मंद्र नीपासून (खालच्या सप्तकातला) ‘जय हे’च्या तार सापर्यंत जाते, ती पांढरी दोनमध्ये नीट बसते. परिपाठाला माइकवर आधी सा द्या, मगच सुरुवात.

तरीही एखाद्या मुलाचा सूर लागत नसेल तर त्याला ‘ए आईऽऽ’ अशी लांब हाक मारायला सांगा. तो सूर पेटीवर शोधा, त्याच सुरात तुम्ही गा, जुळला की वर्गाच्या साकडे एकेक पट्टी सरकवा. रोज दोन मिनिटं, दोनच मुलं. त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असं कधीही सांगू नका. ते मूल पुढे तोंड उघडत नाही, आणि हे माझं ठाम मत आहे.

पेटीचा खर्ज (सोबत वाजणारा खालच्या सप्तकातला सूर) वेगळा बंद होत असेल तर बंद ठेवा, नाहीतर मुलं खालचाच सूर धरतात. ओळ वाजवा, थांबा, मग मुलांना गाऊ द्या. पेटी सतत चालू राहिली की त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि ओरडणं सुरू होतं. तपासणीला येणाऱ्यांना वहीत सरगम लिहिलेली हवी असते. आमच्याकडे त्यापायी कित्येक तास फळ्यावरून उतरवण्यात गेले, गाणं राहिलंच. लिहायचंच तर शेवटची पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

मी डॉक्टर नाही, पण सर्दी नसताना आवाज दोन-तीन आठवडे बसलेला असेल किंवा मूल हाकेला वळत नसेल, तर पालकांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा.