स्ट्रिप() लावूनही सारखी दिसणारी नावं जुळत नाहीत, काय करू?

तुमची अडचण अशी की एक्सेलमधून आलेल्या गुऱ्हाळांच्या दोन याद्या पायथनमध्ये जुळवताय, दोन्हीकडे स्ट्रिप() (टोकांवरच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) केलंय, तरी डोळ्यांना एकच दिसणारी नावं प्रोग्राम वेगळी धरतोय. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी बिलिंगची कामं करतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. (फंक्शनची नावं इथं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये नेहमीच्या स्पेलिंगनंच टाका.)

आधी एक खात्री करा. नुसतं नाव.स्ट्रिप() लिहून सोडलं असेल तर काहीच बदललेलं नाही. स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) जागच्या जागी बदलत नाही, नवी मिळते, ती परत नाव = करून घ्यावी लागते.

आता पुसायच्या आधी बघा. प्रिंट(रेप्र(नाव)) करा. मराठी अक्षरं जशीच्या तशी येतील आणि लपून बसलेलं कॅरेक्टर त्याच्या कोडसकट उघडं पडेल. एक्सए० दिसलं तर ती वेबपेजवरून कॉपी झालेली न तुटणारी स्पेस. पायथनचं स्ट्रिप() ती टोकांवरून काढतं, एक्सेलचं ट्रिम काढत नाही, आणि नावाच्या मध्ये असेल तर दोघंही हात लावत नाहीत. त्यावर आणि मधल्या दुहेरी स्पेसवर एकच उपाय: रिकाम्या कंसाचं स्प्लिट() करून तुकडे एका साध्या स्पेसनं जॉइन करा. पहिल्याच कॉलमच्या नावाआधी एफईएफएफ दिसलं तर तो बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणारी एन्कोडिंगची अदृश्य खूण. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, विषय संपला. २००बी ही शून्य रुंदीची स्पेस, ती स्ट्रिप()ला स्पेस वाटतच नाही. रिप्लेस() करून उडवा.

पण २००डी दिसलं तर थांबा. हा झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडताना लागणारं शून्य रुंदीचं अदृश्य कॅरेक्टर, आणि तुमच्या यादीत मला याचाच संशय आहे. ‘गुऱ्हाळ’ दोन तऱ्हेनं टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त, लेन() म्हणजे कॅरेक्टरांची मोजणी ७. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे, लेन() ८. स्क्रीनवर फरक शून्य. इंग्रजी डेटासाठी लिहिलेला ‘सगळी अदृश्य कॅरेक्टर काढा’ छाप कोड इथं चालवला की दुसऱ्याचं ‘गुर्हाळ’ होतं, रफार थेट हा वर जाऊन बसतो. ‘शेतकऱ्याचे नाव’ या कॉलमचीही तीच गत. एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारी युनिकोडची पद्धत) हे सुटत नाही. म्हणून आधी ०९३० (र), ०९४डी (हलन्त), २००डी या तिघांच्या जागी ०९३१, ०९४डी टाका. मग उरलेले झेडडब्ल्यूजे जुळवणीपुरते काढलेत तरी चालेल.

विरामचिन्हं काढायला रेजेक्स (मजकूर शोधायचा पॅटर्न) वापरणार असाल तर ‘शब्दातलं अक्षर किंवा स्पेस नसेल ते उडवा’ हा तयार पॅटर्न घेऊ नका. पायथनच्या आरई या रेजेक्स मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यूत, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत, काना, मात्रा, हलन्त बसत नाहीत. ‘कोल्हापूर’ घातलं की ‘कलहपर’ हातात येतं. नादच खुळा! त्याऐवजी ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची रेंज, स्पेस आणि लागतील ती इंग्रजी अक्षरं-आकडे एवढंच ठेवा. हे झेडडब्ल्यूजे बदलल्यानंतरच करा, नाहीतर तोही त्यात जाईल.

नावापुढचं ‘श्री’ काढायला एलस्ट्रिप('श्री ') लिहिण्याचा मोह होतो. त्याला दिलेला मजकूर तो शब्द म्हणून नाही, सुट्या कॅरेक्टरांचा ढीग म्हणून वाचतो, त्यामुळे ‘श्री शरद’चं फक्त ‘द’ उरतं. पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रीफिक्स() आहे, ते वापरा.

आणि हे सगळं वेगळ्या कॉलमात करा. जुळवणी साफ केलेल्या नावावर, बिलावर मात्र मालकानं दिलेलं मूळ नाव. आपल्या गुऱ्हाळाचं नाव परस्पर बदललेलं इथं कुणाला खपत नाही.