सिम्युलेशनमध्ये पास, लॅबमध्ये नापास: कॉमन मोडचा रस्ता काढलाय का?

म्हणजे तुमचा प्रश्न असा: ६५ किलोहर्ट्झचा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय), त्याचा मेन्सच्या तारांवर येणारा विद्युत गोंगाट एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये क्लास बी (घरगुती उपकरणांच्या) मर्यादेच्या बराच खाली आणि लॅबमध्ये ५ मेगाहर्ट्झपुढे थेट वर. त्यावर तुम्ही मॉस्फेटचं (स्विच म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरचं) अजून अचूक मॉडेल शोधताय. ते आधी थांबवा, दोष तिथे नाही.

तुमच्या सर्किटमध्ये अर्थ फक्त लिस्नपाशी (मेन्स आणि कन्व्हर्टरच्या मध्ये बसवून गोंगाट मोजायच्या जाळ्यापाशी) आहे. कन्व्हर्टरमधून अर्थकडे जाणारा एकही रस्ता काढलेला नाही, मग कॉमन मोड, म्हणजे दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊन अर्थमधून परतणारा करंट, येणार कुठून? मॉस्फेटचं ड्रेन हे टोक ३० नॅनोसेकंदांत ३०० व्होल्ट उडी मारतं. हीटसिंक अर्थला जोडलेला असेल आणि मॉस्फेट व हीटसिंकमधल्या इन्सुलेटिंग पॅडची कॅपॅसिटन्स २० पिकोफॅरड धरली, तर त्या क्षणी २०० मिलिअँपिअर अर्थमध्ये जातात. हा एका हार्मॉनिकचा (स्विचिंगच्या पटीतल्या एकाच फ्रिक्वेन्सीचा) आकडा नव्हे, पण तुलनेला घ्या: ५ मेगाहर्ट्झपुढची क्वासी-पीक (चाचणीतल्या ठरावीक डिटेक्टरने मोजायची) मर्यादा ६० डीबी मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिव्होल्ट. कॉमन मोडला लिस्न २५ ओहमचा दिसतो, म्हणून ४० मायक्रोअँपिअरलाच मर्यादा गाठली जाते. हीटसिंक प्रायमरीच्या निगेटिव्हला बांधला तर यातला बहुतेक करंट आतल्या आत फिरतो.

ट्रान्सफॉर्मरला जास्त वेळ द्या. दोन्ही वाइंडिंग शॉर्ट करून एलसीआर मीटरवर मिळालेला त्यांच्यामधल्या कॅपॅसिटन्सचा आकडा मॉडेलमध्ये घालू नका. प्रत्येक वेढ्यावर व्होल्टेज वेगळं असतं. सेकंडरीशेजारी प्रायमरीचा शांत टोकाकडचा (जिथे व्होल्टेज उड्या मारत नाही त्या टोकाकडचा) थर असेल तर करंट बराच कमी जातो. म्हणून प्रायमरीला फंक्शन जनरेटरने १०० किलोहर्ट्झचा साइन द्या, दोन्ही वाइंडिंगच्या शांत टोकांमध्ये स्कोपचा प्रोब लावा आणि प्रोबची स्वतःची कॅपॅसिटन्स धरून उलटं गणित करा. येईल ती कॅपॅसिटन्स ड्रेन आणि सेकंडरीच्या शांत टोकामध्ये टाका. स्कोपवर फेज उलटी दिसली तर गोंधळू नका, वाइंडिंगमधल्या शील्डने गरजेपेक्षा जास्त भरपाई केलीय. तेव्हा ती कॅपॅसिटन्स सेकंडरीच्या गरम (उड्या मारणाऱ्या) टोकापासून प्रायमरीच्या शांत टोकाकडे जोडायची.

फिल्टरही आदर्श ठेवू नका. २.२ नॅनोफॅरडचा वाय-कॅपॅसिटर (लाइन आणि अर्थमधला) लांब पायांनी लावला आणि त्या पायांचं २० नॅनोहेन्री इंडक्टन्स आलं, की २४ मेगाहर्ट्झपुढे तो कॅपॅसिटर राहतच नाही. फिल्टरच्या चोकची (कॉइलची) वाइंडिंग कॅपॅसिटन्सही तशीच घाला.

एफएफटीआधी (वेव्हफॉर्मचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करण्याआधी) प्लॉटविनसाइझ (plotwinsize) हा ऑप्शन शून्य करा, नाहीतर एलटीस्पाइसचं कॉम्प्रेशन वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटा आवाज दाखवतं. कमाल टाइमस्टेप १ नॅनोसेकंदाच्या आसपास पुरे.

एवढं करूनही फरक राहिला तर बोर्डाचा फोटो टाका, आउटपुटची केबल कुठून जाते ते दिसेल असा.