एका क्रियापदाची ४२ रूपे

भाषाविषयक शंका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

(या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे स्पॅनिश क्रियापदांविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.)

प्रश्न : मी रामबागेत राहणारा निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. माझी नात घरी संगणकावर स्पॅनिश शिकते. तिने भिंतीवर एकाच क्रियापदाचा मोठा तक्ता लावला असून त्यात चाळिसांहून अधिक रूपे आहेत. मी वर्गात 'पठति पठतः पठन्ति' रोज म्हणवून घेत असे, म्हणून तिनेही हा तक्ता तोंडपाठ करावा असे मला वाटते. पाठांतराने बोलता येत नाही, असे तिचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : पाठांतर हवे, परंतु संपूर्ण तक्त्याचे नको. स्पॅनिशमध्ये प्रत्येक काळात तीन पुरुष आणि दोन वचने मिळून सहा रूपे होतात. संस्कृतातील द्विवचन तेथे नाही. नेहमीच्या वापरातले साधे काळ सात धरले, तर ४२ रूपे होतात. 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाच्या आधाराने होणारे संयुक्त काळ यात मोजलेले नाहीत. मात्र ही ४२ रूपे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. ती मोजक्या रूपांतून निघतात, आणि पाठ करावयाची ती एवढीच.

'पोनेर', म्हणजे ठेवणे, हे अनियमित समजले जाणारे क्रियापद घेऊ. 'मी ठेवतो' याला 'पोंगो' म्हणतात. त्यातील शेवटचा 'ओ' काढून 'आ' लावला की 'पोंगा' हे संभावनार्थाचे, म्हणजे विधान न करता इच्छा, शंका किंवा शक्यता सांगणारे, रूप मिळते आणि त्यावरून पोंगास, पोंगामोस, पोंगान अशी पुढची रूपे सरळ होतात. 'त्यांनी ठेवले' याला 'पुसिएरोन' म्हणतात. त्यातील 'रोन' काढून 'रा' लावला की संभावनार्थाचा भूतकाळ 'पुसिएरा' तयार होतो, आणि या नियमाला संपूर्ण भाषेत एकही अपवाद नाही. पहिल्या नियमाला सहा अपवाद आहेत: ज्यांचे 'मी'चे रूप ओकारान्त नाही अशी असणे, जाणे, देणे, जाणणे यांसारख्या अर्थांची सहा क्रियापदे. ती सहा वेगळी पाठ करावीत.

भविष्यकाळ तर आपल्यासारख्या व्याकरणप्रेमी माणसाला विशेष आवडेल. 'कांतार' म्हणजे गाणे. त्याला 'माझ्याकडे आहे' या अर्थाचे 'ए' जोडून 'कांतारे', म्हणजे 'मी गाईन', हे रूप झाले. मुळात ही 'मला गायचे आहे' अशीच रचना होती, आणि दोन शब्दांचा सांधा पुढे इतका बुजला की तो आता प्रत्यय वाटतो. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोहोंच्या मध्ये सर्वनाम घालता येत असे, यावरून तो सांधा ओळखता येतो. मराठीतही जुन्या 'करी'ला 'ल' लागून 'करील' झाले. 'पोनेर'चे भविष्य 'पोनेरे' न होता 'पोंद्रे' होते. असा बदल डझनभर क्रियापदांतच आढळतो.

आपल्या नातीला संस्कृतची जोड अवश्य द्यावी. 'आम्ही आहोत' हे स्पॅनिशमध्ये 'सोमोस' आणि संस्कृतात 'स्मः'. 'ते आहेत' हे तेथे 'सोन' आणि येथे 'सन्ति'. ही नाती योगायोगाची नाहीत, लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातील आहेत. कर्ता गाळला तरी क्रियापदावरून पुरुष कळतो, ही सोयही दोन्हीकडे आहे. मराठीपेक्षा स्पॅनिश एका बाबतीत सोपी आहे. आपण 'तिने पुस्तक ठेवले' आणि 'तिने वही ठेवली' असे कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही ठिकाणी 'पूसो' हेच रूप येते आणि ते नेहमी कर्त्याशीच बांधलेले असते. 'गातो' आणि 'गाते' असा लिंगभेदही तेथे नाही; दोहोंसाठी 'कांता'.

प्रश्न : स्पॅनिशमध्ये दोन भूतकाळ का आहेत? एक संपलेल्या क्रियेचा आणि दुसरा अपूर्ण क्रियेचा, असे शिकविले जाते, परंतु 'साबीया' आणि 'सूपे' या दोहोंचा अर्थ 'मला माहीत होते' असाच असताना त्यांत पूर्ण-अपूर्ण काय आहे, हे उमगत नाही. (एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आपली अडचण 'अपूर्ण' या शब्दाने निर्माण केली आहे. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणात 'साबीया'च्या या काळाला 'कोप्रेतेरितो' असे नाव दिले. त्याला मराठीत 'सहभूत' म्हणता येईल, आणि मेक्सिकोच्या शाळांत ते नाव आजही चालते. भूतकाळातील एखाद्या घटनेच्या वेळी जे चालू होते, तेथे होते, ते सहभूत. मला हे नाव 'अपूर्ण भूतकाळा'पेक्षा कितीतरी अधिक योग्य वाटते, कारण क्रिया पुरी झाली की नाही हा प्रश्नच येथे नसतो. बोलणारा घटनेच्या आत उभा आहे की बाहेर, हा प्रश्न असतो.

मराठीला हा भेद ठाऊक आहे. तिने तो एका रूपात न ठेवता तीन रूपांत वाटला आहे, एवढेच. 'ती गात होती', 'ती रोज गाई' आणि 'ती गायची' या तिन्ही वाक्यांसाठी स्पॅनिशमध्ये 'कांताबा' हे एकच रूप आहे. 'ती गायली' यासाठी मात्र 'कांतो', शेवटच्या अक्षरावर आघात देऊन. आपल्या इंदुरात 'गाई', 'बसे', 'येई' ही रीतिभूतकाळाची रूपे आता आजी-आजोबांच्याच तोंडी ऐकू येतात, कारण हिंदीच्या सहवासाने 'ती रोज गात होती' असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती रूपे मनात जागी केली, तर 'कांताबा' केव्हा वापरावे याचा निर्णय क्षणात होतो.

आता 'साबीया' आणि 'सूपे' यांच्याकडे वळू. 'साबीया' म्हणजे 'मला माहीत होते', आणि 'सूपे' म्हणजे 'मला कळले'. माहीत असणे ही स्थिती आहे. तिच्याकडे घटना म्हणून पाहिले की उरतो तो तिचा आरंभ, म्हणजे कळण्याचा क्षण. याच न्यायाने 'कोनोसीया' म्हणजे 'मी त्याला ओळखत होतो' आणि 'कोनोसी' म्हणजे 'माझी त्याची ओळख झाली'. आपण मराठीत येथे सरळ वेगळे क्रियापद वापरतो, आणि शब्दकोशातील एकच अर्थ मनात धरल्याने आपल्याला ही जोडी चमत्कारिक वाटते. रूपांच्या दृष्टीने सहभूत हा फार दयाळू काळ आहे, कारण त्यात असणे, जाणे आणि पाहणे ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत.

प्रश्न : संभावनार्थ, ज्याला स्पॅनिशमध्ये 'सुबखुंतीबो' म्हणतात, तो मला दोन वर्षे शिकूनही साधत नाही. इच्छा, शंका, भावना, विनंती अशा त्याच्या उपयोगांची लांबलचक यादी मी वहीत लिहिली आहे. बोलताना ती आठवेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. (एक नोकरदार वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : यादी बाजूला ठेवावी. आपण घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलत असाल, तर हा अर्थ आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. 'मैं चाहता हूँ कि वह गाए' या वाक्यात आपण 'गाती है' असे कधीही म्हणणार नाही. स्पॅनिशमध्ये 'किएरो के कांते' असे म्हणतात. त्यात 'कि'च्या जागी 'के' आहे आणि 'गाए'च्या जागी 'कांते' आहे. रचनेत तसूभरही फरक नाही. मराठीत आपण 'तिने गावे असे मला वाटते' असे म्हणून तेच काम वाख्यातावर, म्हणजे 'गावे'सारख्या 'व'युक्त रूपावर, सोपवितो.

या सर्व उपयोगांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: बोलणारा ती गोष्ट विधान म्हणून मांडतो आहे का? 'क्रेओ के कांता', म्हणजे 'मला वाटते की ती गाते', येथे तो मांडतो आहे. 'नो क्रेओ के कांते', म्हणजे 'ती गात असेल असे मला वाटत नाही', येथे मांडत नाही. हा भेद सर्वांत सुंदर रीतीने दिसतो तो शोधण्याच्या वाक्यांत. 'एक शिक्षिका शोधतो आहे, जी गाते' असे म्हटले, तर ती बाई कोण हे मला ठाऊक आहे आणि मी 'कांता' म्हणेन. 'जी गात असेल अशी शिक्षिका शोधतो आहे' असे म्हटले, तर ती जगात असेल किंवा नसेलही, म्हणून 'कांते'. मराठीने 'गाते'च्या जागी 'गात असेल' ठेवले, हिंदीने 'गाती हो' ठेवले, स्पॅनिशने केवळ एक स्वर बदलला. आ-कारी क्रियापदांत ए आणि ए-कारी व इ-कारी क्रियापदांत आ, असा हा स्वरांचा अदलाबदलीचा व्यवहार आहे.

मराठी माणूस खरोखर चुकतो तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही चुका मी स्वतः अनेक वर्षे केल्या आहेत. पहिले ठिकाण 'जेव्हा'चे. 'ती आली की मला सांग' या वाक्यात मराठी भूतकाळाचे रूप वापरते. त्याचा अनुवाद करताना आपण भूतकाळ टाकतो, किंवा अर्थ भविष्याचा म्हणून भविष्यकाळ टाकतो. दोन्ही चूक. अजून न घडलेली गोष्ट विधान होऊ शकत नाही, म्हणून 'कुआंदो येगे', म्हणजे हिंदीच्या 'जब वह आए'प्रमाणे संभावनार्थ. येथे आघाताकडे विशेष लक्ष द्यावे. 'येगे'च्या पहिल्या अक्षरावर आघात दिला तर 'ती पोचेल तेव्हा', आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर 'मी पोचलो तेव्हा'. मराठीत आघाताने अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपला कान याबाबत आळशी असतो. ही जोडी मोठ्याने म्हणून घोटावी लागते.

दुसरे ठिकाण 'जर'चे. 'ती आली असती, तर आम्ही गायलो असतो' या संकेतार्थी वाक्यात आपण दोन्ही अंगांना 'असता'चेच रूप लावतो. स्पॅनिशमध्ये 'सी उबिएरा येगादो, आब्रीयामोस कांतादो' असे होते, म्हणजे 'जर'कडे संभावनार्थाचा भूतकाळ आणि 'तर'कडे संकेताचे वेगळे रूप. मात्र साध्या शक्यतेच्या 'जर'नंतर, म्हणजे 'ती आली तर गाऊ' या वाक्यात, वर्तमानकाळच येतो: 'सी येगा'. वर्तमान संभावनार्थ आणि भविष्य ही दोन्ही रूपे अशा 'जर'नंतर वर्ज्य आहेत.

या 'रा'च्या रूपाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. लॅटिनमध्ये ते 'ती गायली होती' असे निखळ विधान करणारे रूप होते, आणि शतकानुशतके सरकत ते विधान न करणाऱ्या बाजूला जाऊन बसले. जुन्या मराठीत 'करी' म्हणजे 'करतो' होते आणि आज ते 'करीत असे' या अर्थी उरले आहे. रूप तेच राहून त्याचे काम बदलते, याची ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीशी वाटतात. आणि मनापासून शुभेच्छा देताना स्पॅनिश माणूस 'ओखाला' म्हणून पुढे संभावनार्थ लावतो. हा शब्द अरबीतून आला असून त्याचा अर्थ 'ईश्वराने इच्छिले तर' असा आहे. आपण अशा वेळी 'देव तुझे भले करो' म्हणतो. 'करो', 'येवो', 'होवो' ही ऊ-आख्याताची रूपे ज्याच्या तोंडी सहज येतात, त्याने संभावनार्थाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : 'उस्तेद' म्हणजे 'आपण' असे असताना त्याच्यासोबत 'तो'चे क्रियापद का येते? (एक वाचक, जेल रोड, इंदूर)

उत्तर : 'उस्तेद' हा 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या संबोधनाचा झिजून झालेला शब्द आहे. कृपा ही तृतीय पुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीय पुरुषी: 'उस्तेद कांता'. होळकरी वळणाच्या जुन्या घरांत समोर बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रीलाच 'बाईसाहेब जेवल्या का?' असे विचारीत, ती हीच रीत. 'उस्तेदेस' हे त्याचे अनेकवचन 'कांतान' घेते, आणि लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही सर्व' यासाठी घरातल्या मुलांशीही हेच वापरतात; 'बोसोत्रोस' हे वेगळे अनेकवचन स्पेनमध्ये चालते. तेव्हा रामबागेतील आजोबांच्या नातीचा ओढा लॅटिन अमेरिकेकडे असेल, तर तिच्या तक्त्यातील प्रत्येक काळाचे एक रूप कमी होते आणि ४२ ऐवजी ३५ उरतात.