एस1 वर शेअर घेतला तरी भाव खाली का जातो?

प्रश्न : नमस्कार सर, मी सातपूरला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट असली की सकाळी 9.15 पासून दोन तास इंट्राडे (त्याच दिवशी शेअर घेऊन विकणं) करतो. पायव्हट (कालच्या भावांवरून काढलेली मधली लेव्हल) काढून एस1 ला, म्हणजे त्याखालच्या पहिल्या आधाराला, शेअर घेतो, पण मागच्या आठवड्यात दोनदा एस1 तोडून भाव सरळ खाली गेला आणि अ‍ॅपमधले आकडे माझ्या वहीशी जुळत पण नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : दादा, आधी आकडे बघू. समजा काल हाय 520, लो 500, क्लोज 516. बेरजेला 3 ने भागलं की पायव्हट 512. त्याची दुप्पट 1024, त्यातून लो वजा केला की आर1 (वरचा पहिला अडथळा) 524, हाय वजा केला की एस1 504. जुळत नाही ते बहुतेक क्लोजमुळे, कारण क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नाही, एनएसई (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) वर्षानुवर्षं 3 ते 3.30 च्या सौद्यांची वेटेड सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन) धरत आलीय. नाहीतर अ‍ॅपमध्ये फिबोनाची किंवा कॅमरिला सेटिंग (लेव्हल काढायची वेगळी सूत्रं) असेल, ते एकदा बघा.

आता एस1 तुटण्याचं. आपण नाशिकला गोदाघाटावर पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो ना, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, पण पाणी काही कमरेपाशी थांबतं असं नाही, गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडलाय त्यावर ते ठरतं. एस1 ही तशीच खूण आहे, खूप लोकांची नजर तिथे असते म्हणून खरेदी येऊ शकते, भाव अडवायची ताकद त्या आकड्यात नाही. विसर्ग म्हणजे इथे व्हॉल्यूम, किती शेअरचे सौदे होतायत ते. भाव 504 कडे येताना लाल कॅंडलचा (चार्टवरची भाव पडल्याची पट्टी) व्हॉल्यूम वाढतच चालला असेल तर हात लावू नका. व्हॉल्यूम आटला, 15 मिनिटांची कॅंडल 504 च्या वर बंद झाली, मग घ्या, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला विकायचा भाव) त्या कॅंडलच्या लोच्या खाली आणि टार्गेट 512. आणि गॅपडाऊन होऊन, म्हणजे कालच्या भावापासून एकदम खाली उडी मारून, शेअर 504 च्या खालीच उघडला तर तीच लेव्हल बऱ्याचदा रेझिस्टन्स (वर जायला अडथळा) होते, तिथे स्वस्त मिळाला म्हणून घेणारे अडकतात, मला वाटतं तुमचं हेच झालंय.

बोनस किंवा स्प्लिटमुळे शेअर वाढून भाव त्या प्रमाणात उतरतो, तो ज्या दिवशी उतरतो त्या एक्स-डेटला कालचे हाय-लो जुन्या भावाचे असतात, त्या दिवशी ही लेव्हल वापरूच नका.

सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) 2024 च्या अभ्यासात 2022-23 मध्ये कॅश इंट्राडे (थेट शेअरमध्ये) करणाऱ्या 10 पैकी 7 जण तोट्यात निघालेत, त्यामुळे पगारातले पैसे लावायच्या आधी दोन आठवडे नुसतं वहीत लिहा, एस1 ला भाव आला तेव्हा व्हॉल्यूम किती होता आणि पुढे काय झालं, आणि त्या नोंदी आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.